पार्श्वभूमी: ‘द व्हॅनेसा शो’ आणि बनावट पाहुणे

जानेवारी 1999 मध्ये बीबीसी वनवर सुरू झालेला, व्हॅनेसा फेल्ट्झ यांचा गप्पांचा कार्यक्रम ‘द व्हॅनेसा शो’ त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गुंडाळला गेला. आज त्याचं नाव निघतं ते बनावट पाहुण्यांपुरतंच, आणि सगळं खापर त्या एका कार्यक्रमावर फुटतं. हे बरोबर नाही.

स्टुडिओतल्या प्रेक्षकांपुढे माईक नेणारा दिवसाचा गप्पांचा कार्यक्रम अमेरिकेत 1967 पासून होता. बीबीसीने दिवसभराचं प्रसारण ऑक्टोबर 1986 मध्ये सुरू केलं आणि ही तऱ्हा ब्रिटनमध्ये रुजली. नव्वदच्या दशकात सार्वजनिक प्रश्न मागे पडले, घरातली भांडणं पुढे आली. सूत्रसंचालिका फेल्ट्झ यांचा आधीचा कार्यक्रम 1994 पासून आयटीव्ही या व्यावसायिक वाहिनीवर चालत होता. 1998 मध्ये मानधनाच्या बोलणीत बिनसलं आणि फेल्ट्झ मोठ्या रकमेच्या करारावर बीबीसीकडे गेल्या. आयटीव्हीने लगेच दुसरी सूत्रसंचालिका आणली आणि प्रेक्षक आपल्याकडेच राखले.

फेब्रुवारी 1999 मध्ये एका खपाऊ दैनिकाने बातमी फोडली: काही पाहुणे करमणूक क्षेत्रातल्या एजन्सीमार्फत आलेले, सांगितलेली नाती खोटी. वेळही वाईट होती. अमली पदार्थांच्या तस्करीवरच्या एका माहितीपटात प्रसंग रचल्याबद्दल डिसेंबर 1998 मध्येच एका व्यावसायिक कंपनीला 20 लाख पौंड दंड झाला होता. त्यात बीबीसी परवाना शुल्कावर, म्हणजे लोकांच्या पैशावर चालणारी. खालच्या फळीतले काही कर्मचारी निलंबित झाले.

वाद आहे तो इथेच. निलंबन खाली झालं, निर्णय मात्र वरचे होते. असे कार्यक्रम मथळ्यापासून उलटे बांधले जातात. ‘बहिणीने माझा नवरा पळवला’ हा विषय आधी ठरतो, मग तो जगलेली माणसं शोधायची. पडद्यावर फोन नंबर द्यायचा, आलेल्या फोनमधून निवड करायची, गाडी पाठवायची. आदल्या संध्याकाळी कुणी कच खाल्ली, तर सकाळच्या खुर्च्या भरायची जबाबदारी पाहुणे शोधणाऱ्या तरुण संशोधकाची. पाहुणा खरा आहे का, हे तपासायला त्याच्याकडे ना वेळ, ना माणसं. आठवड्यात अनेक भाग हवेत, कथा धक्कादायक हव्यात आणि त्या अस्सलही हव्यात, या तिन्ही मागण्या ज्यांनी एकत्र मान्य केल्या, त्यांना विचारणा व्हायला हवी होती. एजन्सीला फोन करणाऱ्याची चूक होतीच, पण ती सर्वांत छोटी होती.

कार्यक्रम बंद करण्यामागे आयटीव्हीपुढे न टिकलेली प्रेक्षकसंख्याही होती. नंतरच्या चर्चेत हे कारण दबून गेलं.

ही तऱ्हा मात्र संपली नाही. 2005 मध्ये आयटीव्हीवर आलेल्या ‘द जेरेमी काइल शो’ने ती आणखी कठोर केली. डीएनए चाचणी आणि खोटं पकडणारं यंत्र हे तिथले नेहमीचे प्रसंग झाले. तिथे पाहुणे खरे होते, आणि इजाही खरी होती. मे 2019 मध्ये एका सहभागी व्यक्तीच्या मृत्यूनंतर तो कायमचा बंद झाला. त्यानंतर ब्रिटिश प्रसारण नियामकाने कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांच्या हिताच्या तरतुदी वाढवल्या. त्या एप्रिल 2021 पासून लागू आहेत. 1999 चा सगळा गदारोळ प्रेक्षकांच्या फसवणुकीवर झाला होता. पाहुण्याची काळजी कोण घेतो, हा प्रश्न नियमावलीत ठळकपणे यायला आणखी 22 वर्षं लागली.