गो चा भूतकाळ वेन्ट का? थोडी पार्श्वभूमी

प्ले चं प्लेड, वॉक चं वॉक्ड, मग गो चं गोएड का नाही? इंग्रजी घरात वाढणारी लहान मुलंसुद्धा बोलायला लागल्यावर बिनधास्त गोएड म्हणतात, म्हणजे नियम त्यांना बरोबर कळलेला असतो. आपल्याला मात्र शाळेत 'अनियमित आहे, पाठ करा' एवढंच सांगून पुढे जातात, आणि मला ते फार खटकतं कारण ह्यामागची गोष्ट भारी आहे.

वेन्ट हे मुळात गो चं रूपच नाही. वेन्ड म्हणून एक वेगळं क्रियापद होतं, अर्थ वळणे, वाट धरणे, आणि वेन्ट हा त्याचा भूतकाळ. सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्ट, स्पेन्ड-स्पेन्ट ह्यांच्या शेजारी ठेवून बघा, वेन्ड-वेन्ट अगदी फिट बसतं.

गो कडे स्वतःचा भूतकाळ नव्हता का? तर हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत क्रियापद होतं गान आणि त्याचा भूतकाळ एओदे, म्हणजे तोही दुसऱ्याच मुळाचा, उसनाच. हे एओदे झिजत झिजत येडे वगैरे झालं, गो शी काही संबंध आहे असं ऐकून वाटेना, आणि तोवर वेन्ड चा अर्थही नुसतं 'जाणे' असा झाला होता, मग 15व्या शतकाच्या सुमारास वेन्ट ने ती जागा कायमची घेतली. 14व्या शतकाच्या शेवटी लिहिणाऱ्या इंग्रज कवी चॉसरकडेही वेन्ट सर्रास दिसतं. स्कॉटलंडमध्ये मात्र लोकांनी सरळ आपल्या गे ला, म्हणजे त्यांच्याकडच्या गो ला, शेपूट लावून गेड केलं, मला तर तेच जास्त पटतं.

गॉन मात्र गो चं स्वतःचंच, म्हणूनच प्रमाण इंग्रजीत हॅव गॉन चालतं, हॅव वेन्ट नाही.

आणि हे काही इंग्रजीचंच खूळ नाही हं. आपलं बघा ना, जातो पण गेला! 'जा' आला संस्कृत 'या' धातूवरून आणि गेला आला गम् च्या गत वरून, आपण दिवसभर बोलतो तरी जाणवतही नाही. रोज तोंडात असल्यामुळेच अशी रूपं टिकतात, क्वचित लागणारी असती तर कधीच नियमात ओढली गेली असती. वेन्ड चं तेच झालं, त्याचं वेन्ट गो ने नेलं, वापर कमी झाला आणि आज त्याचा भूतकाळ करतात साधा सरळ वेन्डेड.