मॉरिशसला गेलेल्या मूळ पुरुषाचा शोध आणि ओसीआय कार्ड : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

मॉरिशसमधल्या मराठी घरांत गणपतीला चार माणसं जमली की एक प्रश्न निघतोच : आपला मूळ पुरुष कुठल्या गावचा? मार्च २०२४ पासून या प्रश्नाला कागदोपत्रीही वजन आलं आहे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तेव्हा मॉरिशसच्या दौऱ्यावर होत्या. भारतीय वंशाच्या मॉरिशियन नागरिकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय, म्हणजे भारताचे परदेशस्थ नागरिक म्हणून नोंदणी, मिळू शकेल अशी खास तरतूद त्यांनी जाहीर केली. एरवीच्या नियमाने पणजोबा-पणजीपर्यंतच जाता येतं. १८५० च्या आसपास जहाजावर चढलेल्या माणसाचे आजचे वंशज बहुतेक पाचव्या नाहीतर सहाव्या पिढीतले. त्यामुळे ज्यांच्या पूर्वजांनी सगळ्यात आधी समुद्र ओलांडला, नेमके तेच आजवर बाहेर राहिले होते.

माझ्या ओळखीच्या काही कुटुंबांसाठी मी हे कागद जुळवले आहेत. त्यातून एकच गोष्ट पक्की सांगते : शोध आडनावावरून सुरू करू नका, नंबरावरून करा.

२ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथपासून १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं भारतातून त्या बंदरात उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून आलेली. मुंबईहून निघालेली त्यामानाने थोडी, आणि आपली मराठी माणसं मुख्यतः त्यांतली. उतरणाऱ्या प्रत्येकाला, बाईमाणसालाही, एक नंबर मिळे आणि तो जन्मभर त्याच्या नावाला चिकटे. नावाचे हाल मात्र पहिल्याच दिवशी सुरू होत. कारकून माणसाचं नाव आणि बापाचं नाव कानाला येईल तसं इंग्रजीत लिही. आडनाव विचारायची पद्धत नव्हती. समजा, भिवाजी नावाचा माणूस गेला. त्याचा मुलगा विठू हा ‘विठू भिवाजी’ झाला, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव भिवाजी पडलं. आता भिवाजी आडनावाचं घर रत्नागिरीत शोधत फिरलात तर वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही.

नंबर मिळवायचा तो स्वतःपासून मागे जात. तुमचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला, वडिलांचा जन्मदाखला, मग आजोबांचा, अशी एकेक पायरी. हे सगळे दाखले मॉरिशसच्या नागरी नोंदणी कार्यालयातून मिळतात. मागताना पूर्ण नक्कल मागा, संक्षिप्त उताऱ्यावर भागवू नका. कारण जुन्या नोंदींत मूळ पुरुषाच्या किंवा बाईच्या नावापुढे तो नंबर लिहिलेला असतो, आणि संक्षिप्त उताऱ्यात नेमका तोच गळतो. एका घराचा आम्हाला आठ महिने पत्ता लागत नव्हता. शेवटी आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या जन्मनोंदीच्या पूर्ण नकलेत, बापाच्या नावाच्या पुढच्याच ओळीत, सहा आकडे सापडले. म्हणून सरळ वंशावर अडलात तर भावंडांचे दाखले काढा. मृत्यूचे दाखलेही काढा. त्यांत वय असतं आणि बऱ्याचदा नंबरही.

इथे हमखास येणारी अडचण लग्नांची. आपल्या लोकांनी लग्नं देवाब्राह्मणांसमोर लावली, सरकारी नोंद केली नाही. त्यामुळे एखाद्या पिढीत विवाहदाखलाच नसतो आणि मूल आईच्या नावावर नोंदलेलं दिसतं. यात खजील होण्यासारखं काही नाही, त्या काळी घरोघरी हेच होतं. बापाच्या बाजूने साखळी तुटत असेल तर आईच्या बाजूने जा. ओसीआयसाठी आईकडचा पूर्वजही तितकाच चालतो, हे कित्येकांना ठाऊक नसतं.

दाखले हातात आले की मोका इथली महात्मा गांधी संस्था गाठायची. आप्रवासी मजुरांची मूळ रजिस्टरं तिथल्या अभिलेखागारात आहेत. आपण वंशज आहोत हे दाखवणारे दाखले, ओळखपत्र आणि शुल्क देऊन अर्ज केला की नोंद शोधून तिचा प्रमाणित उतारा दिला जातो. नंबर ठाऊक असेल तर काम सोपं. नसेल तर नाव, बापाचं नाव, येण्याचं साधारण वर्ष आणि कुठल्या ऊसमळ्यावर होते, एवढं तरी द्या.

तो उतारा हातात घेताना शांत बसून वाचा. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज, उतरल्याची तारीख. ‘डाव्या भुवईवर व्रण’ अशी ओळ समोर येते, आणि ज्याचं घरात नावही कुणी घेत नव्हतं त्याचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो. १८६० च्या दशकापासून पुढच्या काही नोंदींबरोबर छायाचित्रही आहे. तुमच्या माणसाचं असेल का, हे जरूर विचारा. विचारल्याशिवाय राहू नका.

आता ओसीआयचा अर्ज. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ७अ खाली ही नोंदणी होते. अर्ज भारत सरकारच्या ओसीआय संकेतस्थळावर भरायचा. त्याचे भाग ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन आहेत. फोटो आणि सही चढवायची, कागद जोडायचे, आणि छापील प्रत मूळ कागदांसह पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयात दाखवायची. चालू मॉरिशियन पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, महात्मा गांधी संस्थेचा उतारा, आणि मूळ पुरुषापासून तुमच्यापर्यंत प्रत्येक पिढी पुढच्या पिढीशी जोडणारे जन्म व विवाहाचे दाखले, हा अर्जाचा गाभा. एक दुवा जरी सुटला तरी अर्ज अडतो. अल्पवयीन मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते. नवरा किंवा बायको भारतीय वंशाची नसेल तर लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग २ वर्षं टिकलेलं हवं. स्वतः, आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणी कधी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिक असेल तर ओसीआय मिळत नाही.

सगळ्यात जास्त अर्ज स्पेलिंगवर अडतात. एका दाखल्यावर सखाराम, दुसऱ्यावर ‘साकाराम’, तिसऱ्यावर नुसतं ‘साका’. एका कार्यालयातून असा अर्ज आम्हाला दोनदा परत आला, आणि दोन्ही वेळा कारण एका ओळीत उरकलं होतं. तेव्हापासून मी आधीच तक्ता करते : पिढी, दाखल्यावरचं नाव, दाखल्याचा क्रमांक, आणि फरक असेल तिथे ‘ही एकच व्यक्ती’ असं शपथेवरचं प्रतिज्ञापत्र. तपासणाऱ्या माणसाला सहा पिढ्या एका पानावर दिसल्या की त्याचंही काम हलकं होतं.

कार्डाने काय मिळतं? भारतात कितीही वेळा येण्याचा आजन्म व्हिसा, आणि कितीही दिवस राहिलात तरी पोलिसांत नोंद करायची कटकट नाही. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा, गावी गेल्यावर लागेल.

कार्डासाठी गाव सापडलंच पाहिजे असं नाही. पण उतारा हातात आला की गाव शोधल्याशिवाय कुणाला राहवत नाही. रजिस्टरातल्या जिल्ह्यावर आजच्या नकाशाने जाऊ नका. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्ग होता, तो १९८१ साली वेगळा झाला. तालुक्यांची नावंही निराळी होती : सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग. नोंदीत गावाच्या जागी ‘सेव्हर्नड्रूग’ दिसलं तर ते सुवर्णदुर्गचं इंग्रजी रूप, आणि शोधायचं दापोलीच्या बाजूला. ‘अंजनवेल’ दिसलं तर नुसतं त्या गावात न थांबता गुहागर-चिपळूणकडे पाहा.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारची जुनी दप्तरं तिथे आहेत. गावपातळीवर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, यांच्या नकला अर्ज करून मागता येतात. पण खरं सांगायचं तर इतक्या जुन्या माणसाचं नाव तिथे क्वचितच मिळतं. तो निघून गेला होता. त्याचा भाऊ किंवा पुतण्या मिळाला तर मिळाला.

त्याहून घरातला देव जास्त उपयोगी पडतो. आजी कुणाच्या नावाने नारळ ठेवायची, ते विचारून घ्या. रवळनाथ असेल तर सिंधुदुर्ग, गोवा आणि कोल्हापूरची दक्षिण बाजू बघा. काळकाई असेल तर खेड-दापोली. गावात पाऊल टाकल्यावर आधी सांगून टाका की आम्हाला जमीन नको आणि ती आम्हाला विकतही घेता येत नाही. कोकणात सातबाऱ्यावर आधीच वीस नावं असतात, परदेशातून कुणी भाऊबंद आला म्हटलं की घरातलं वातावरण गोठतं. ती धास्ती गेली की देवळाच्या पायरीवर बसून गुरवाला आणि गावातल्या म्हाताऱ्यांना उतारा वाचून दाखवा : नाव, बापाचं नाव, जात, भुवईवरचा व्रण. एका गावात असं वाचून झाल्यावर एक आजोबा उठले, घरात गेले आणि म्हणाले, “आमच्या वाटणीत एक हिस्सा गेलेल्याचा म्हणून वेगळा ठेवायचे, माझा आजा सांगायचा.” नाव कुणालाच आठवत नव्हतं. ते आमच्या हातातल्या कागदावर होतं.