स्वयंचलित गिअरबॉक्स : दोषनिदान व निगा (कोल्हापूर परिसर)

गाडीचा वेग आणि इंजिनावरील भार पाहून आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, तिच्यातील बिघाड ओळखण्याच्या व तिची निगा राखण्याच्या पद्धती. कोशांत ‘दंतचक्रपेटी’ हा शब्द आढळतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तो कोणी उच्चारत नाही. तिथे पेटी म्हणजे ‘गिअरबॉक्स’ आणि गाडी म्हणजे नुसती ‘ऑटोमॅटिक’. या एका शब्दात चार निरनिराळ्या यंत्रणा कोंबल्या जातात : टॉर्क कन्व्हर्टर (ऑईलच्या माध्यमातून इंजिनाची शक्ती गिअरकडे नेणारा व जोर वाढवणारा भाग) व ग्रहमाला गिअर (मधल्या दंतचक्राभोवती लहान दंतचक्रे फिरणारे) असलेली मूळ रचना, पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी, दोन क्लचची डीसीटी आणि साध्या गिअरबॉक्सवर ॲक्च्युएटर (क्लच व गिअर आपोआप हलवणारे यंत्र) बसवलेली एएमटी. गाडी यांपैकी कोणती, हे ठरवल्याशिवाय निदानाला हात घालता येत नाही.

उगम. या यंत्रणेचा जनक कोण, याबाबत एकवाक्यता नाही. बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास केंद्रोत्सारी वजनांनी गिअर बदलणारी दोन गतींची पेटी तयार केली, असे सामान्यतः मानले जाते. ती टिकाऊ ठरली नाही. कॅनडाचे आल्फ्रेड मन्रो यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी दाबलेल्या हवेवर चालणारी रचना करून तिचे एकस्व (पेटंट) मिळवले, पण हवेचा जोर अपुरा पडला. ब्राझीलचे अरारिपे व लेमोस यांनी १९३२ च्या सुमारास ऑईलच्या दाबावर चालणारा नमुना सिद्ध केला व तो जनरल मोटर्सने विकत घेतला, असे ब्राझीलमध्ये आग्रहाने सांगितले जाते. अमेरिकी लेखन मात्र सारे श्रेय जनरल मोटर्सच्या अर्ल थॉम्पसन यांच्या पथकाला देते. या पथकाची ‘हायड्रा-मॅटिक’ पेटी १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी १९३९ मध्ये जाहीर झाली. मोठ्या प्रमाणावर खपलेली पहिली पेटी हीच. दुसऱ्या महायुद्धात ती रणगाड्यांतही बसवली गेली.

तथापि द्रवाच्या माध्यमातून शक्ती वाहून नेण्याचे तत्त्व याहून जुने आहे. जर्मन अभियंते हेरमान फ्योटिंगर यांनी ते १९०५ मध्ये जहाजांच्या टर्बाइनसाठी मांडले. हायड्रा-मॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नव्हताच, होती ती साधी द्रव-जोडणी. टॉर्क वाढवणारा कन्व्हर्टर ब्युइक गाड्यांत १९४८ मध्ये ‘डायनाफ्लो’ नावाने आला. म्हणून एकच जनक शोधण्यापेक्षा फ्योटिंगर यांचे तत्त्व आणि हायड्रा-मॅटिकची प्रत्यक्ष जुळणी असे दोन टप्पे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. द्रव-जोडणी व कन्व्हर्टर यांतला फरक स्टेटर या मधल्या चाकाचा आहे. ते एकाच दिशेने फिरते आणि परतणाऱ्या ऑईलला वळण देऊन सुरुवातीचा जोर वाढवते. याच भागाचा संबंध पुढे स्टॉल चाचणीत येतो.

भारतात स्वस्त गाड्यांपर्यंत ऑटोमॅटिक पोचली ती एएमटीच्या रूपाने, २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून.

निदान. ‘मिस्त्री, गाडी नुसती रेस घेतीया, पळंना,’ ही तक्रार अनेकदा गिअरबॉक्स आतून घसरत असल्याची खूण असते. तरीही पेटी उतरवण्याआधी ऑईल पाहावे. ऑईल मोजण्याची पट्टी असलेल्या बहुतेक गाड्यांत इंजिन गरम व चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी फिरवून पुन्हा ‘पी’त (पार्क) आणावा व मगच पट्टी काढावी. थंड इंजिनावर घेतलेले माप फसवते, कारण तापल्यावर ऑईल फुगते. नव्या अनेक गाड्यांना पट्टीच नसते; रॅम्पवर गाडी समतल घेऊन, स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण) ऑईलचे तापमान कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत आले की पातळीचा बोल्ट उघडायचा आणि धार थेंबांवर येईपर्यंत थांबायचे. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर चांगले ऑईल लालसर पसरते. जळलेल्याचा मधोमध काळा ठिपका उरतो व करपट वास येतो. पेटीच्या तळाच्या चेंबरमधल्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असणे ही नेहमीची झीज होय. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र पेटी खोलावी लागते.

स्टॉल चाचणीत हँडब्रेक व पायब्रेक पूर्ण दाबून, ‘डी’त (ड्राइव्ह) लिव्हर ठेवून ॲक्सिलरेटर फार तर पाच सेकंद पूर्ण दाबतात. इंजिनाचे फेरे ठरीव आकड्यापेक्षा वर गेले तर क्लच घसरतात, खाली राहिले तर इंजिन दुबळे आहे किंवा स्टेटर दोन्ही बाजूंना मोकळा फिरतो आहे. एएमटी आणि डीसीटीवर ही चाचणी करू नये. तिथे क्लचच जळतो.

हमरस्त्यावर ताशी ६० ते ८० किमी वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते, जणू किणी टोलनाक्याजवळचे रंबलर चाकाखाली आले. दोष बहुधा लॉकअप क्लचचा (कन्व्हर्टरमधली घसरण थांबवून इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडणारा क्लच) असतो, पण प्लग-कॉइलवर पैसे घालवले जातात. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकच्या पॅडलला हलका स्पर्श करावा. थरथर त्याच क्षणी थांबली तर लॉकअप सुटला, इंजिन निर्दोष आहे.

स्कॅनरवरचा पी०७०० हा कोड एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाने काहीतरी नोंदवले आहे. खरी माहिती पुढच्या कोडांत असते : पी०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ म्हणजे लॉकअप धरत नाही. बॅटरी उतरलेली असली किंवा अर्थिंग गंजलेले असले तरी असे कोड उमटतात, तेव्हा व्होल्टेज आधी मोजावे.

पुराचे पाणी. हा भाग कोल्हापुरापुरता विशेष महत्त्वाचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ च्या पुरात ती बरीच ओलांडली गेली आणि शाहूपुरी, नागाळा पार्क भागांत दारात उभ्या गाड्या बुडाल्या. गिअरबॉक्सला वरच्या बाजूस हवेची बारीक नळी असते. तापलेली पेटी गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि नळीवाटे पाणी आत ओढले जाते. क्लचच्या चकत्यांवरील अस्तर कागदी तंतूंचे व डिंकाने चिकटवलेले असते. पाण्याने ते फुगते व पुढे पापुद्र्यासारखे सुटते. ऑईल गुलाबी दुधासारखे दिसले तर निदान उघड असते. शंका असल्यास तापल्या तव्यावर थेंब टाकावा. तडतडला तर पाणी आहे. रेडिएटरमधला कूलर फुटूनही असाच रंग येतो. बुडालेली गाडी चालू न करता पेटीतले ऑईल काढणे हाच उपाय. एकदा चालवल्यावर धुऊन फारसे साधत नाही.

ऑईल बदल. ‘आयुष्यभराचे ऑईल’ असा काही मोटार कंपन्यांचा दावा असतो. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षे अशी मर्यादा सांगते, आणि तेच मत ग्राह्य धरावे. आंबा, करूळ, फोंडा या घाटांत नित्य जाणाऱ्या गाडीला खालची मर्यादा लावणे बरे. नुसता ड्रेन बोल्ट उघडल्यास निम्म्याहूनही कमी ऑईल निघू शकते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून काही अंतर चालवून दोन-तीनदा बदलतात. लाल दिसते म्हणून कोणतेही ऑईल चालत नाही. सीव्हीटीत साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल) घातल्यास पट्टा घसरून पुलीवर ओरखडे उठतात.

एएमटीचे दुखणे वेगळे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रेंगाळणे आणि चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलणे, यांनी क्लचप्लेट लवकर संपते. नवी बसवल्यावर स्कॅनरने क्लचचा बिंदू पुन्हा शिकवावा लागतो, नाहीतर गाडी झटके देते.

उद्यमनगर व शिरोली-गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत बुश, शाफ्ट घडवणारे हात आहेत, पण ऑटोमॅटिकच्या क्लच चकत्या, सील व सोलेनॉइड (ऑईलची वाट उघडझाप करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) तयारच आणावे लागतात. लेथवर कन्व्हर्टरचा वेल्ड कापता येतो; पुन्हा जोडताना बॅलन्स न साधल्यास पुढचा ऑईल पंप खराब होतो.

बंद पडलेली गाडी न्यूट्रलमध्ये दोरीने ओढू नये. इंजिन बंद म्हणजे ऑईल पंप बंद. पुढची चाके ओढणारी गाडी पुढची बाजू उचलून, आणि चारही चाके ओढणारी गाडी सपाट ट्रकवर चढवूनच आणावी.