फार्मर्स अलायन्स आणि पीपल्स पार्टी

अमेरिकेतील कर्जबाजारी शेतकऱ्यांची एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली सहकारी संघटना आणि तिच्यातून १८९२ मध्ये निघालेला राजकीय पक्ष. अलायन्सची सुरुवात १८७० च्या दशकात टेक्ससमधील लॅम्पासस परगण्यात झाली. पुढे ती दक्षिणेत आणि कॅन्सस, डाकोटापर्यंत पसरली.

या चळवळीचे मूळ दुकानदाराच्या खातेवहीत सापडते. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर दक्षिणेत बँका फारशा उरल्या नव्हत्या. बी-बियाणे, पीठ, कापडचोपड सारे गावच्या दुकानातून उधार घ्यावे लागे आणि त्यापोटी उभे पीक लिहून द्यावे लागे. एकाच वस्तूचा रोखीचा भाव वेगळा, उधारीचा बराच चढा. शिवाय उधार देणारा दुकानदार म्हणेल तेच पेरायचे, म्हणजे कापूस. चलन सोन्याला बांधलेले असल्याने उत्पादन वाढले तरी पैसा त्या मानाने वाढेना, आणि भाव घसरत राहिले. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला पौंडाला ११ सेंटांच्या वर असलेला कापूस १८९४ मध्ये ६ सेंटांच्याही खाली आला. कर्जाचा आकडा मात्र तेवढाच राही. तो फेडायला दरवर्षी जास्त कापूस घालावा लागे.

अलायन्सचा पहिला उपाय सहकाराचा होता. अलायन्सचे नेते चार्ल्स मॅक्यून यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये डॅलस येथे एकत्रित खरेदी-विक्रीचे केंद्र निघाले. सभासदांनी आपापल्या जमिनी व पिके सामायिक हमीला लावली, पण बँकांनी त्या हमीवर कर्ज नाकारले. ९ जून १८८८ रोजी केंद्र वाचवण्यासाठी टेक्ससभर शेतकरी परगण्यांच्या न्यायालयांसमोर जमले आणि पैसा गोळा केला. तरी १८८९ मध्ये ते बंद पडले. त्याच सुमारास कापसाच्या गाठींना लागणाऱ्या तागाच्या बारदानाचे भाव उत्पादकांनी संगनमताने वाढवले. हा ताग बंगालातून जाई. शेतकऱ्यांनी गाठी सुती कापडात बांधल्या आणि ती लढाई जिंकली.

पतपुरवठा दुसऱ्याच्या हातात असेल तर सहकार टिकत नाही, हे डॅलसने शिकवले. म्हणून १८८९ च्या डिसेंबरात मॅक्यून यांनी उपकोषागार योजना मांडली: सरकारने गोदामे बांधावीत, शेतकऱ्याने माल तिथे ठेवावा आणि त्याच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत नोटा १ टक्का व्याजाने उचलाव्यात. भाव पडलेल्या हंगामात माल विकण्याची सक्ती त्यामुळे टळली असती. शेतमाल तारण कर्ज माहीत असलेल्या मराठी वाचकाला यातले मर्म लगेच कळेल. पुढे गाजली ती सोन्याबरोबर चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडून चलन वाढवण्याची मागणी, पण चळवळीचा खरा विचार या योजनेत आहे.

डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोन्ही जुने पक्ष दाद देईनात, तेव्हा ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे पीपल्स पार्टीचा जाहीरनामा मंजूर झाला. रेल्वे, तारायंत्र व टेलिफोन सरकारी मालकीचे करणे, चढता प्राप्तिकर, टपाल बचत बँका आणि चांदीची मुक्त नाणेपाडणी या त्यातल्या मागण्या. सोबतच्या ठरावांत गुप्त मतदान, सिनेटरांची (संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील सदस्यांची) जनतेकडून थेट निवडणूक, कामाचे तास कमी करणे आणि सरकारी कामांवर आठ तासांच्या दिवसाचा कायदा कडकपणे पाळणे यांना पाठिंबा होता. पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना १० लाखांवर मते मिळाली. औद्योगिक शहरांतील कामगार मात्र मोठ्या संख्येने आले नाहीत: शेतकऱ्याला धान्याचा भाव वाढायला हवा होता, त्यांना भाकरी स्वस्त हवी होती.

वंशभेद हा चळवळीला आतून पोखरणारा दोष. अलायन्समध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांची स्वतंत्र कलर्ड फार्मर्स अलायन्स १८८६ मध्ये टेक्ससमध्ये निघाली. १८९१ मध्ये कापूस वेचणाऱ्यांनी मजुरीवाढीसाठी संप केला, तेव्हा गोऱ्या अलायन्समधील जमीनमालक विरोधात गेले. आर्कान्सातील ली परगण्यात तर संपकऱ्यांच्या हत्या झाल्या. जॉर्जियातील पीपल्स पार्टीचे नेते टॉम वॉटसन यांनी आधी दोन्ही वर्णांच्या गरीब शेतकऱ्यांना एकत्र यायला सांगितले. नंतर तेच उघड वर्णद्वेषी झाले.

१८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने चांदीचा प्रश्न उचलून विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उभे केले. पीपल्स पार्टीनेही त्यांनाच उमेदवारी दिली, ते हरले आणि पक्षही ओसरला. प्राप्तिकर व सिनेटरांची थेट निवडणूक १९१३ मध्ये घटनेत आली. साठवलेला कापूस आणि मका तारण घेऊन सरकारी कर्ज १९३३ पासून मिळू लागले. तोवर दक्षिणेतील बहुतेक कृष्णवर्णीय आणि अनेक गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचा मताधिकार मतदान-कर व साक्षरतेच्या अटींनी गेलेला होता.