पॉन्टिफ्रॅक्टचा किल्ला आणि ज्येष्ठमधाची बाग
(आमच्या यॉर्कशायर सहलीच्या पाहुण्यांसाठी)

एका दिवसाच्या सहलीत यॉर्क सोडून पॉन्टिफ्रॅक्ट कशाला, असं नोंदणी करताना बरेच जण विचारतात. कारण ज्येष्ठमध. घसा बसला की घरी जी काडी चघळायला मिळते, गवई जिचा तुकडा गालात धरून ठेवतात, तोच. इंग्लंडमध्ये त्याला लिकरिश म्हणतात, आणि तिथे या पिकाचं गाव म्हणजे पॉन्टिफ्रॅक्ट.

किल्ला पाहून थोडी निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो. १०७० च्या सुमारास इल्बर्ट द लेसी या नॉर्मन सरदाराने तो उभारला. दुसरा रिचर्ड राजा १४०० साली इथेच कैदेत मेला. पुढे सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यात पेटलेल्या यादवी युद्धात किल्ल्याने राजाच्या बाजूने तीन वेढे सोसले आणि मार्च १६४९ मध्ये तो पडला. वेढ्यांना कंटाळलेल्या गावकऱ्यांनी मग स्वतःच संसदेकडे अर्ज केला, की किल्ला पाडून टाका. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि तट फोडले ते गड पुन्हा कोणी लढवू नयेत म्हणून. इथे मागणी गावाचीच होती. आता पडके बुरूज, भिंतींचे पाये आणि खडकात खोदलेलं तळघर उरलं आहे. तळघराच्या भिंतींवर युद्धकैद्यांनी कोरलेली नावं अजून वाचता येतात.

मोकळ्या झालेल्या आवारात पुढे लोकांनी ज्येष्ठमध लावला. तो मुळात इथे कोणी आणला, याबद्दल मठातल्या साधूंपासून धर्मयुद्धाहून परतलेल्या सैनिकांपर्यंत अनेक कथा आहेत. गाइडने कुठलीही सांगितली तरी ती दंतकथा समजावी. जमीन मात्र खरोखर सोयीची आहे, खोल आणि भुसभुशीत. ज्येष्ठमधाचं मूळ मीटरभर आणि त्याहूनही खाली जातं, त्यामुळे कठीण जमिनीत काढणी म्हणजे शिक्षाच. लावणीनंतर तीन-चार वर्षं थांबायचं, मग खणायचं. एवढा धीर आणि मजुरी परवडेना, बाहेरून स्वस्त माल येऊ लागला, आणि विसाव्या शतकात इथली शेती जवळपास संपली.

किल्ल्याच्या आवारातल्या औषधी बागेत ती रोपं आजही पाहायला मिळतात. पानं गिरिपुष्पासारखी, देठाच्या दोन्ही बाजूंना ओळीने. हिवाळ्यात झाड जमिनीपर्यंत वाळतं, म्हणून ही सहल आम्ही उन्हाळ्यातच ठेवतो. रोप उपटून चव पाहायचा मोह आवरा.

चव घ्यायची तर ‘पॉन्टिफ्रॅक्ट केक’ घ्या. नाव केक असलं तरी ती नाण्याएवढी काळी, चिवट वडी असते. १७६० मध्ये जॉर्ज डनहिल या औषधवाल्याने ज्येष्ठमधाच्या अर्कात साखर घातली आणि औषधाची मिठाई झाली. वडीवर किल्ल्याचा छाप असतो. १५ ऑगस्ट १८७२ रोजी (तारीख पाहून आपल्याला हसू येतंच) ब्रिटनमधलं संसदेसाठीचं पहिलं गुप्त मतदान याच गावात झालं, तेव्हा मतपेटीच्या लाखेवर याच मिठाईचा छाप मारला होता. ती पेटी गावच्या संग्रहालयात आहे, आणि आमच्या मते किल्ल्याइतकीच पाहण्यासारखी.

पहिल्या वडीला मुलं बहुधा तोंड वाकडं करतात, तेव्हा एकच पाकीट घेऊन पाहा. काकवीसारखा उग्र गोडवा सगळ्यांना रुचत नाही. शाकाहारी मंडळींनी पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा घटक साखरेपेक्षा ३० ते ५० पट गोड असतो, आणि रोज बराच पोटात गेला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गर्भवती यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. मग ती मिठाई असो वा घरचा काढा.

किल्ल्यात प्रवेश मोफत आहे. तळघर मार्गदर्शकासोबतच पाहता येतं आणि पायऱ्या उतरायच्या असतात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी नोंदणीच्या वेळीच कळवावं. त्यांची बागेत बसायची सोय करू.