मीठ घटलं की सरोवर बदलतं

उन्हाळ्यात मुळा-मुठेत जलपर्णी माजली की पुण्यात दरवर्षी एकच प्रश्न निघतो, ही कायमची जाईल कशी? ओडिशातल्या चिल्का सरोवरात ती मागे हटली होती, आणि ते कशामुळे घडलं हे समजून घेण्यासारखं आहे.

वाळूच्या लांब पट्ट्याने चिल्का बंगालच्या उपसागरापासून वेगळं झालंय. महानदीच्या शाखा गोडं पाणी आणतात, समुद्र त्या पट्ट्यातल्या मुखातून, म्हणजे उघड्या वाटेतून, खारं पाणी आत ढकलतो. पाणलोटातली जंगलं तुटली, माती गाळ होऊन सरोवरात आली. कोळंबीसाठी घातलेल्या बांधांनी प्रवाह अडला. किनाऱ्यालगत सरकणारी वाळू मुख बुजवत होतीच. खारेपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण फोफावलं, मासळी रोडावली. 1993 मध्ये चिल्का धोक्यातल्या पाणथळींच्या जागतिक यादीत गेलं.

मीठ नेमकं करतं काय? काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं, तेच इथे मुळांशी होतं. पेशीच्या पडद्यातून पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं. बाहेरचं पाणी पुरेसं खारट झालं की जलपर्णीच्या पेशीतला द्रव आकसतो, पेशीच्या बाहेरच्या भिंतीपासून सुटतो. पानाच्या कडा तपकिरी होतात, ताठपणा जातो. फुगीर देठात हवा असल्याने मरू घातलेलं झाडही काही काळ तरंगत राहतं. समुद्री गवत मात्र पेशीत प्रोलीनसारखी (प्रोलीन हे एक अमिनो आम्ल) द्रव्यं साठवून आतला परासरणी दाब, म्हणजे पाणी धरून ठेवणारा जोर, वाढवतं, म्हणून त्याचं पाणी ओढलं जात नाही.

सप्टेंबर 2000 मध्ये वाळूचा पट्टा कापून सरोवराला नवं मुख दिलं. खारेपणा वाढला, तण हटलं. बोयसारख्या माशांची समुद्रात जन्मलेली पिल्लं पुन्हा आत येऊ लागली. 2002 मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर पडलं.

पुण्यात हा उपाय चालणार नाही; नदीत मीठ ओतलं तर गोड्या पाण्यातले मासेही मरतील. ‘चमत्कारी जिवाणूंचं द्रावण टाका, पाणी स्वच्छ’ या जाहिरातींवरही विश्वास ठेवू नका. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहतील तोवर जलपर्णीला खाद्य मिळतच राहणार.

चिल्कातही वाळू सरकायची थांबलेली नाही. 2019 मध्ये फनी चक्रीवादळाने वाळूच्या पट्ट्यात नवी मुखं फोडली, तेव्हा काळजी उलटी होती: आता खारेपणा प्रमाणाबाहेर तर वाढणार नाही ना?