बुडालेलं जहाज वर काढताना: ठोकळ्यांच्या देखाव्याचं माहितीपत्रक

पिशव्या फोडण्याआधी पाच मिनिटं हे वाचा. आमच्या गिरगावातल्या दुकानात हा खोका नेलेले बरेचजण दोन दिवसांनी परत येतात आणि म्हणतात, जहाजाचे ठोकळे कमी पडले. ते कमी पडलेले नाहीत. या देखाव्यातलं जहाज फक्त कमरेच्या वरचं आहे, खालचा भाग चिखलात रुतलेला आहे. वाचलेले ठोकळे आम्ही चिखलाला, पाण्यावरच्या टाक्यांना आणि पाणबुड्यांना (बुडी मारणाऱ्या माणसांना) दिलेत. जहाज कुणीही बांधतो. इथे बांधायचंय ते उचलणं.

नमुना म्हणून घेतलंय स्वीडनचं ‘वासा’. ६४ तोफांचं हे नवंकोरं लढाऊ गलबत १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्या सफरीला निघालं आणि जेमतेम १,३०० मीटर जाऊन बुडालं. वरचा भार जास्त, तळातलं वजन अपुरं. वारा लागताच ते कललं, खालच्या रांगेतल्या तोफांच्या खिडक्या उघड्याच होत्या, त्यांतून पाणी आत शिरलं. सुमारे ३० माणसं गेली. १६६० च्या दशकात पाणबुड्यांनी घंटेसारख्या भांड्यातल्या हवेवर श्वास घेत त्याच्या बहुतेक तोफा वर काढल्या. पुढे जहाज लोकांच्या विस्मरणात गेलं. १९५६ मध्ये, बुडालेली जहाजं शोधणारे अँडर्स फ्रान्सेन यांनी होडीतून एक पोकळ टोकाचं वजन दोरीने तळाशी सोडलं. ते वर आलं तेव्हा त्यात काळ्या पडलेल्या ओकच्या लाकडाचा तुकडा अडकलेला होता.

जहाज ३२ मीटर खोल होतं. नौदलाच्या पाणबुड्यांनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्याच्या पोटाखालून आरपार सहा बोगदे खणले. अंधार असा, की हाताला लागेल तेवढंच खरं, आणि डोक्यावर तीनशे वर्षांचं जुनं जहाज. बोगद्यांतून पोलादी दोर ओवले आणि त्यांची टोकं वर ‘ओडेन’ आणि ‘फ्रिग’ नावाच्या दोन पाँटूनांना, म्हणजे तरंगत्या टाक्यांना, बांधली. ऑगस्ट १९५९ मध्ये पहिल्यांदा ओढ लावली, तेव्हा खरी धाकधूक होती की चिखल जहाजाला सोडेल का, आणि सोडताना ते मोडेल का. ते अख्खं सुटलं. आपला देखावा नेमका त्या क्षणाचा आहे: दोर ताठ, जहाज अजून चिखलात.

मुलं विचारतात, नुसत्या तरंगत्या टाक्यांनी एवढं धूड कसं उचललं जातं? पाँटून म्हणजे पाणी भरता आणि उपसता येणारी पोकळ टाकी. आधी तिच्यात पाणी भरायचं, म्हणजे ती जवळजवळ बुडते. त्याच अवस्थेत दोर ताणून बांधायचे. मग पंपाने पाणी उपसायचं. टाकी हलकी होऊन वर येते आणि सोबत जहाजाला घेऊन येते. तसंच ओढत उथळ जागी न्यायचं, तळाला टेकलं की पुन्हा पाणी भरायचं, दोर आवळायचे, पुन्हा उपसायचं. असं १८ वेळा करून ‘वासा’ ३२ मीटरवरून १६ मीटरवर आणलं. गंजून गेलेल्या लोखंडी बोल्टांची हजारो भोकं बुजवायला पुढचं दीड वर्ष लागलं. २४ एप्रिल १९६१ ला जहाज पाण्याबाहेर आलं.

पटत नसेल तर घरीच करून बघा. श्रीखंडाचे अर्ध्या किलोचे दोन रिकामे डबे घ्या, पाऊण भरून टबात तरंगत ठेवा, वर आडवी फूटपट्टी टाका. फूटपट्टीच्या मधोमध बांधलेल्या दोऱ्याला एखादा बत्त्याएवढा दगड असा बांधा की तो तळाला टेकलेला असेल आणि दोरा ताठ. आता औषधाच्या पिचकारीने डब्यांतलं पाणी दोन्हीकडून सारखं काढत जा. दगड बोटभर उचलला जातो. एकाच डब्यातलं पाणी आधी काढलंत तर काय होतं, तेही बघाच.

आपल्या मुंबईत हे काम अर्धं फुकटात झालं असतं. उधाणाच्या भरतीला इथे पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, पावसाळ्यात तशा बातम्या आपण ऐकतोच. ओहोटीला दोर आवळून ठेवले की भरतीच टाक्यांना वर उचलते. स्टॉकहोमला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, म्हणून तिथे सगळा भार पंपांवर.

आता बांधणी.

सगळ्यांत मोठी चूक एकच होते: आधी जहाज पूर्ण करायचं आणि मग त्याच्या पोटाखालून दोरा घालायला बसायचं. तो जात नाही. सुईने जात नाही, चिमट्याने जात नाही, शेवटी जहाज मोडावं लागतं. म्हणून पाणबुड्यांचाच क्रम धरा. बेसप्लेटवर चिखलाचे पहिले दोन थर रचताना तीन ठिकाणी दोन खुंटांच्या (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांच्या) रुंदीची आडवी फट ठेवा. हे आपले बोगदे (खऱ्यातल्या सहापैकी तीनच, बाकीच्यांना जागा नाही). त्या फटींत दोरे आताच आडवे टाका, दोन्ही टोकांना वीतवीतभर लांबी सोडा आणि टोकं चिकटपट्टीने बेसप्लेटच्या कडेला लावून ठेवा. त्यानंतरच जहाजाचा पहिला ठोकळा.

माप सांगतो. एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, पातळ प्लेटची ३.२. म्हणजे पाच प्लेट एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, बरोबर दोन खुंटांएवढ्या. जहाजाच्या बाजूच्या फळ्या आडव्या वळवून लावताना हा हिशेब कामी येतो, तो पाठ करून ठेवा. सोंडेसकट (पुढे आलेल्या डोलकाठीसकट) ६९ मीटरचं ‘वासा’ ठोकळ्यांच्या माणसांच्या मापाने बांधायचं म्हटलं तर दीड मीटरच्या आसपास जातं. तेवढी मोकळी जागा मुंबईत कुणाच्या घरी असेल तर आम्हाला आधी चहाला बोलवा. म्हणून खोक्यात फक्त नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग आहे, ३२ सेंटिमीटरचा.

जहाज दोऱ्यावर खरोखर लटकवण्याचा मोह आवरा. २×४ चा एक ठोकळा साधारण २.३ ग्रॅमचा. असे ३०० म्हणजे ७०० ग्रॅमला टेकलेच. दोरा ज्या प्लेटला बांधाल ती प्लेटच उखडून येईल. जहाज खाली चिखलात पक्कं बसवा, टाक्या वर चार पारदर्शक खांबांवर बसवा. दोऱ्याने वजन पेलायचं नाही, फक्त ताठ दिसायचं. पण ताठ म्हणजे ताठच. माझगावच्या गोदीत हयात घालवलेले एक आजोबा आमच्या काचेतला पहिला नमुना बघून हसले होते: दोर ढिला म्हणजे काम बंद, मग तुमच्या टाकीवरची माणसं जेवायला गेलीत का? त्या नमुन्यात आम्ही तंगूस वापरला होता. तो ताणला जातो, त्याची गाठ सरकते आणि प्रकाशात तो दिसतही नाही. आता खोक्यात काळा मेणदोरा देतो, चप्पल शिवायला वापरतात तो. कमी पडला तर कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडे मिळेल. टाकीच्या कडेला भोकाचे ठोकळे आहेत, त्यांतून दोरा ओढून घ्या आणि वरून खुंटी दाबा, गाठीची गरज नाही.

चिखलाला पिवळे ठोकळे लावू नका. पिवळा म्हटला की चौपाटी डोळ्यांसमोर येते. बंदराचा तळ राखाडी असतो, म्हणून गडद राखाडी जास्त आणि मातकट रंग अधूनमधून. दिवाळीत किल्ला केलेल्यांना हे सांगायला नको. उतार जसा हाताने थापता तसा इथे पायरीपायरीने उतरवा, एकसारखा नको. जहाजाच्या अंगाला लागून चिखल थोडा वर चढलेला दाखवा.

शिडं फडकवू नका. बुडताना ‘वासा’च्या १० शिडांपैकी ४ च चढवलेली होती, बाकीची ६ तीन शतकांनंतर कोठीत घड्या घातलेली सापडली. खोक्यातलं पांढरं कापड आहे ते गुंडाळून आत ठेवायला. खजिन्याची पेटी आणि सांगाडा आम्ही मुद्दाम दिलेले नाहीत. ज्यांना हवेत त्यांनी घालावेत, आमची हरकत नाही, पण आमच्या काचेत लावणार नाही.

काहीजण विचारतात, हाच देखावा मुंबईच्या समुद्रातला करता येईल का? येईल, पण मग जहाज असं धड ठेवता येणार नाही. लाकूड पोखरणारा, शिंपल्याच्या जातीचा एक किडा आपल्या खाऱ्या पाण्यात चिखलावरची लाकडं फस्त करतो. स्टॉकहोमच्या कमी खाऱ्या पाण्यात तो जगत नाही, म्हणून तर ‘वासा’ टिकलं. मुंबईच्या देखाव्यात फक्त चिखलात पुरलेल्या फासळ्या, नांगर, तोफा आणि तळातले दगड दाखवा. आणि कृपा करून ‘ट्रिंकोमाली’ बुडवू नका. इथल्या वाडियांच्या गोदीत सागवानात बांधलेली ती १८१७ ची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

देखभाल थोडीच. धूळ रंगाच्या मऊ ब्रशने झाडा. धुवायचे झाले तर कोमट, ४० अंशांच्या आतलं पाणी आणि थोडा साबण. दोरे आणि कापड आधी काढा. गॅलरीतल्या उन्हात ठेवू नका, पांढरे आणि राखाडी ठोकळे पिवळे पडतात. पारदर्शक खांबांना फडक्याने घासू नका, चरे जातात.

एखादा तुकडा खरोखरच कमी निघाला तर हे पत्रक आणि रिकामी पिशवी घेऊन या, बदलून देऊ. जहाजाचा खालचा अर्धा भाग मागायला येणार असाल तर तोही सुट्या ठोकळ्यांत मिळेल, पण वजनावर.